काळा, काळी, काळं : एका शब्दाचा पसारा

प्रश्न विचारणारे गृहस्थ मूळचे इंदूरचे, नोकरी ऐरोलीच्या आयटी पार्कात, घर ठाण्यात भाड्याचं, आणि मराठी शिकायचं अगदी मनावर घेतलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की 'काळा' म्हणजे हिंदीतला काला हे पहिल्याच दिवशी कळलं आणि गोंधळ त्यानंतर सुरू झाला. घरमालक म्हणाले "पांढऱ्यावर काळं करून टाकू", सोसायटीच्या भजनात काकूंनी बायकोला विचारलं "तुमची काळी कितवी?", टपरीवर काळा चहा मागितला तर पोऱ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि ऑफिसच्या मेलमध्ये 'काळाची गरज' वाचून वाटलं काळ्या रंगाची गरज कुणाला पडली. तर या शब्दाच्या सगळ्या अर्थांची एखादी यादी मिळेल का?

यादी करता येईल हो, पण ती पाठ करून तुम्ही बोलायला लागाल असं मला वाटत नाही. मी ठाण्यात बरीच वर्षं मोठ्या माणसांना मराठी शिकवते, बँकवाले, डॉक्टर, रेल्वेतले, तुमच्यासारखे आयटीवाले, आणि रंगांचा धडा सगळ्यांना सोपा वाटतो कारण दहा-बारा शब्द पाठ केले की संपला. मग बाहेर पडल्यावर कळतं की लाल-निळा बिचारे सरळ आहेत, पण काळा मात्र शेतात, पेटीवर, कोर्टात, स्टेशनवर, मसाल्याच्या डब्यात असा सगळीकडे जाऊन बसलाय आणि प्रत्येक ठिकाणी वेगळं काम करतोय. म्हणून यादीऐवजी काय बघायचं ते सांगते, जरा लांबेल.

आधी जिभेचं. हिंदीतून आलेले लोक ळ चा ल करतात, समोरचा समजून घेतो ते ठीक आहे, पण या शब्दात ल केलात तर शब्दच बदलतो. 'काला' हा मराठीत वेगळा शब्द आहे, दही-पोहे-लाह्या एकत्र कालवून करतात तो काला, गोपाळकाला, दहीकाला. दहीहंडीच्या दिवशी ठाण्यात राहून हा शब्द कानावर पडला नाही असं होणारच नाही. देवळात सप्ताह असला की शेवटच्या दिवशी काल्याचं कीर्तन असतं, त्याचा ब्लॅकशी काही संबंध नाही. शिवाय 'काल' म्हणजे होऊन गेलेला दिवस आणि 'काळ' म्हणजे वेळ, जमाना. जीभ मागे वळवून टाळूला टेकवायची आणि फटकन सोडायची, झाला ळ. सरावाला माझं वाक्य घ्या: "काल काळ्या काठाची साडी घेतली." हे न अडखळता तीनदा म्हणता आलं की पुढे चला.

आता ते 'काळाची गरज'. इथे काळा नाहीच आहे, काळ आहे. मराठीत शब्दाला प्रत्यय लागायच्या आधी त्याचं रूप बदलतं, ते तुम्ही शिकलाय. काळ चं होतं काळा-, म्हणून काळाची, काळाने, काळाच्या ओघात. आणि रंगवाल्या काळा चं होतं काळ्या, म्हणून काळ्या मातीत, काळ्या घोड्यावर. त्यामुळे 'काळा'ला लगेच चा-ची-ने-त चिकटलेलं दिसलं की तो रंग नाही, तो वेळ किंवा मृत्यू. अपघाताच्या बातमीत 'काळाचा घाला' असतो तो मृत्यू. दुष्काळ, सकाळ, संध्याकाळ हे सगळे वेळवाल्या काळाचे, उन्हाळा-पावसाळ्यातसुद्धा तोच दडलाय. आणि हो, काळजी आणि काळीज हे दोन्ही रोजचे शब्द, पण तिथे रंग शोधत बसू नका.

याला फाटे आहेतच. काळे आडनावाच्या माणसांच्या घरी गेलात तर "काळ्यांकडे गेलो होतो" म्हणायचं, गोऱ्यांकडे गेलात तर "गोऱ्यांकडे", आणि गोरेपान काळे आणि सावळे गोरे यावरचा विनोद प्रत्येक सोसायटीत एकदा होऊन गेलेला असतो, तुम्ही नवीन म्हणून तुम्हालाही ऐकवतील, हसा. जागेच्या नावात मात्र काळा तसाच राहतो. मुंबईत लोक "काळा घोड्याला उतर" म्हणतात, "काळ्या घोड्याला" म्हटलात तर जनावर डोळ्यासमोर येतं. तिथे सातव्या एडवर्डचा घोड्यावर बसलेला काळा पुतळा होता, तो १९६५ मध्ये उचलून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेला, त्यानंतर पन्नासेक वर्षं तिथे घोडाच नव्हता तरी नाव हललं नाही, मग २०१७ मध्ये स्वाराशिवायचा नवीन घोडा बसवला. नाशिकचं काळाराम मंदिर तसंच, मूर्ती काळ्या पाषाणाची म्हणून काळाराम, आणि तुम्ही वाचाल तेव्हा बहुतेक डॉ. आंबेडकरांच्या सत्याग्रहाच्या संदर्भात वाचाल, २ मार्च १९३० ला सुरू झालेला मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह. काळाराम मंदिरात म्हणायचं, काळ्याराम नाही.

आता मुद्द्याचं सांगते. काळा, काळी, काळं ही एकाच शब्दाची पुल्लिंगी, स्त्रीलिंगी, नपुंसकलिंगी रूपं, पुढे नाम असेल तर काही प्रश्न नाही, काळा कोट, काळी बॅग, काळं मांजर. गंमत पुढे नाम नसेल तेव्हा आहे. नुसती 'काळी' आणि नुसतं 'काळं' यांना मराठीत स्वतःचे पक्के अर्थ आहेत आणि ते एकमेकांशी अजिबात जुळत नाहीत. नुसता 'काळा' मात्र एकटा फारसा फिरत नाही, दोन शर्टांतला कुठला हवा असं विचारलं तर "काळा द्या" एवढंच. म्हणून ऐकताना आधी बघायचं की रूप कुठलं आहे आणि पुढे नाम आहे का. अर्धं काम तिथेच होतं.

नुसती 'काळी' म्हणजे देशावरच्या शेतकऱ्याच्या तोंडी जमीन, पिकाऊ जमीन, तिलाच प्रेमाने काळी आई म्हणतात. आणि तिची जोडी 'पांढरी', म्हणजे गावाची वस्तीची जागा. काळी-पांढरी असं जोडीने येतं, काळी कसायची आणि पांढरीत राहायचं. पिढ्यानपिढ्या माती-शेणाची घरं पडून, चुलीतली राख साचून वस्तीची माती भुरकट पांढरी होत जाते, पुरातत्त्ववाले जुनी वस्ती शोधताना अजूनही 'पांढरीचं टेकाड' कुठे आहे ते विचारतात, म्हणजे शेतकऱ्याचा शब्द शास्त्राने जसाच्या तसा उचलला. आपल्याकडे नवी मुंबईत मात्र काळी फारशी ऐकू येणार नाही. इथली जमीन भाताची, खाडीकाठची, इथल्या आगरी लोकांच्या बोलण्यात भाताची शेतं, खाजण, मिठागर हे शब्द. कापसाची काळी जमीन घाटावर, मराठवाड्यात, विदर्भात, पाऊस पडला की फुगते आणि उन्हात भेगाळते ती. पांढरी हा शब्दही इथे नाही, त्याच्या जागी गावठाण, आणि गावठाण तुम्हाला माहीतच असेल, ऐरोलीत नोकरी करून ९५ गावं, सिडको आणि साडेबारा टक्के हे शब्द कानावर पडले नाहीत असं होत नाही (नवी मुंबईसाठी ज्यांच्या जमिनी घेतल्या ती ९५ गावं, शहर वसवणारी सरकारी कंपनी सिडको, आणि जमिनीच्या बदल्यात परत द्यायचे भूखंड ते साडेबारा टक्के). तर सोलापूर-लातूरकडचा सहकारी "आमची काळी चार एकर" म्हणाला तर तो गाडीबद्दल बोलत नाहीये.

दुसरी 'काळी' पेटीवरची, म्हणजे हार्मोनियमवरची, आणि तुमच्या बायकोला विचारली ती ही. पेटीवर एका सप्तकात सात पांढऱ्या आणि पाच काळ्या पट्ट्या. काळ्यांना नंबर असतात, काळी एक, काळी दोन, अशा काळी पाचपर्यंत, पांढऱ्यांनाही पांढरी एक वगैरे, काही जण सफेद म्हणतात. गाणारा आपला सा जिथे लावतो ती त्याची पट्टी. पुरुष बहुतेक काळी एकच्या आसपास, बायका काळी चार-पाचच्या आसपास गातात. तेव्हा "तुमची काळी कितवी?" याचा अर्थ तुम्ही कुठल्या पट्टीत गाता, काकूंना पेटी तिथे धरायची होती एवढंच. माहीत नसेल तर सरळ "पट्टी माहीत नाही, तुम्ही धरा मी जुळवून घेते" म्हणायचं, त्यात कमीपणा नाही, भजनात निम्म्या बायकांना माहीत नसते. तबलेवाला "काळी एकचा आणलाय, पांढरी चारला चढणार नाही" असं काही म्हणेल तेव्हा तोही स्वराबद्दलच बोलतोय. आणि तबल्याच्या पुडीवरचा जो काळा गोल असतो त्याला काळा म्हणत नाहीत, त्याला शाई म्हणतात.

नुसतं 'काळं' याच्या अगदी उलट्या दिशेला जातं. काळं म्हणजे काळा पदार्थ, माखलेलं, डाग. इंग्रजी पाट्यांना काळं फासलं ही बातमी ठाण्यात राहून तुम्ही वाचली असेलच, फासणं म्हणजे लेप दिल्यासारखं माखणं. एखाद्याच्या तोंडाला काळं फासलं म्हणजे खरोखर रंग लावला किंवा भर चौकात बेइज्जती केली, दोन्ही. बाटलीतली शाई अंगावर टाकली की बातमीत 'शाईफेक' येतं, तिथे काळं येत नाही. "तोंड काळं कर" हे रागाने हाकलताना म्हणतात, चालता हो या अर्थाने, आणि "तिथे जाऊन तोंड काळं करून आला" म्हणजे लाज जाईल असलं काहीतरी करून आला. हे दोन्ही तुम्ही समजून घ्या पण वापरू नका. परक्या माणसाच्या तोंडून शिवी जास्त लागते, कारण ऐकणाऱ्याला वाटतं याने शोधून शोधून आणली.

'काळंबेरं' म्हणजे मनातलं वाईट, "त्याच्या पोटात काहीतरी काळंबेरं आहे". हिंदीतलं दाल में कुछ काला तुम्ही सरळ मराठीत आणता, "डाळीत काहीतरी काळं आहे", ते आता मराठी लोकही म्हणतात, मला त्यात गैर वाटत नाही, पण आपला घरचा वाक्प्रचार "कुठेतरी पाणी मुरतंय" हा आहे, तो वापरून बघा, समोरचा खुश होतो.

आणि मग घरमालकांचं "पांढऱ्यावर काळं". हे वाईट तर नाहीच, उलट तुमच्या फायद्याचं आहे. पांढरा कागद, काळी शाई, म्हणजे लेखी करणं. तोंडी भाडं, तोंडी डिपॉझिट नको, अॅग्रीमेंट करून टाकू असं ते म्हणाले. तुम्ही घाबरलात कारण 'काळं करणं' एवढंच कानात राहिलं, आणि ते नेहमीचंच आहे, ऐकताना शेवटचे दोन शब्द पकडले जातात आणि आधीचा सुटतो. दोन वर्षांनी अॅग्रीमेंट रिन्यू करायची वेळ आली की तुम्हीच त्यांना म्हणा, "काका, पांढऱ्यावर काळं करून टाकूया", ते चहा पाजतील.

त्यांनी म्हणे डिपॉझिट परत देण्याबद्दल "काळ्या दगडावरची रेघ" असंही म्हटलं. त्याचा अर्थ पक्कं, बदलणार नाही. हे महाराष्ट्रातच का सुचलं ते बघायला आपल्या ठाण्याजवळचा पारसिकचा डोंगर पुरे. आपल्या पायाखालचा बराचसा दगड हा बेसाल्ट, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा, आणि बोलीत त्याला सरळ काळा दगड म्हणतात, काळा पाषाण म्हणतात. त्यावर टोकदार काही ओढलं की पांढरी रेघ उठते आणि ती हाताने पुसून जात नाही. पूर्ण वाक्प्रचार काही जण "काळ्या दगडावरची पांढरी रेघ" असाच म्हणतात. पक्क्या शब्दाला इतका चांगला साक्षीदार दुसरा नाही, पण तरी डिपॉझिटचं पांढऱ्यावर काळं करूनच घ्या.

आता रंग म्हणून काळा किती काळा, हेही बघायला पाहिजे. वाशीच्या एपीएमसी मार्केटला फळांच्या सीझनला एक फेरी मारा. तिथे काळी द्राक्षं मागितलीत तर जांभळट-निळसर द्राक्षं देतील, शरद सीडलेस वगैरे, एकही दाणा कोळशासारखा नसतो. काळं मीठ कुटलं की गुलाबीसर दिसतं (त्याचं जुनं मराठी नाव पादेलोण, आणि वास घेतला की नाव का पडलं ते सांगावं लागत नाही). काळा गूळ तपकिरी असतो. काळा मसाला तर गडद तपकिरीच्या पलीकडे जात नाही. म्हणजे बाजारात आणि स्वयंपाकघरात काळा हा शब्द बहुतेक वेळा 'दोन प्रकारांतला गडद तो' एवढंच सांगतो, तीळ पांढरे आणि काळे, मनुका पिवळ्या आणि काळ्या, गूळ पिवळा आणि काळा. रंगाच्या शेडकार्डावरचा काळा वेगळा, किराणाच्या दुकानातला वेगळा. तुम्ही आयटीवाले, प्रत्येक रंगाला कोड देणारी माणसं, म्हणून हे मुद्दाम सांगितलं.

काळा मसाला म्हटलं की पुन्हा घोळ आहे. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच घरांत गोडा मसाला आणि काळा मसाला हे जवळजवळ एकच, आमटीत घालायचा, धणे, खोबरं, तीळ, दगडफूल भाजून केलेला. पण खानदेशातला माणूस काळा मसाला म्हणेल तेव्हा त्याच्या डोळ्यासमोर झणझणीत रस्सा असतो, आणि सोलापूरकडे काळं तिखट म्हणतात ते आणखी निराळं प्रकरण. ठाण्याच्या बाजारात जांभळी नाक्यावर घ्यायला गेलात तर "आमटीचा की रश्शाचा?" एवढं विचारून घ्या, नाहीतर वरणाचा बट्ट्याबोळ होईल. कोकणी खानावळीत काळ्या वाटाण्याची उसळ मिळते, आंबोळ्यांबरोबर किंवा वड्यांबरोबर, ती जरूर खा, इथे काळा शब्द खरोखर काळ्याच्या जवळ जातो.

पण चहाला सहसा काळा म्हणत नाहीत. बिनदुधाचा चहा म्हणजे कोरा चहा. कोरा म्हणजे ज्याला काही लागलेलं नाही असा, कोरा कागद, कोरं कापड, तसा कोरा चहा. आता हॉटेलात ब्लॅक टी म्हणतात, टपरीवर 'काळा' म्हटलात तर कळेलही, पण पोऱ्या बघत राहिला कारण चहा तसाही त्याच्या दृष्टीने काळपटच असतो. कॉफी मात्र ब्लॅकच म्हणतात, कोरी कॉफी असंही काही घरांत ऐकलंय. अशी ठिकाणं बरीच आहेत जिथे तुमच्या डोक्यात ब्लॅक येतं आणि मराठीत काळा नसतो. शाळेतला ब्लॅकबोर्ड म्हणजे फळा, ब्लॅक होल म्हणजे कृष्णविवर, ब्लॅक अँड व्हाइट फोटो म्हणजे कृष्णधवल, निदान छापलेल्या मराठीत, बोलताना सगळे ब्लॅक अँड व्हाइटच म्हणतात. ब्लॅक मॅजिकला लोक काळी जादू म्हणतात पण महाराष्ट्राच्या २०१३ च्या त्याविरुद्धच्या कायद्याच्या नावात शब्द आहे जादूटोणा. काळ्या मिरीला घरात नुसती मिरी. तिकीट ब्लॅकने घेतलं हेही ब्लॅकनेच, त्याला काळ्याने घेतलं असं कुणी म्हणत नाही.

पैशाचंही तसंच आहे. काळा पैसा, काळा बाजार हे शब्द पेपरात, भाषणात, ८ नोव्हेंबर २०१६ ला नोटबंदी जाहीर झाली त्यानंतर तर दिवसरात्र. पण ज्याच्याकडे तो असतो तो माणूस 'काळा पैसा' असं कधी म्हणताना मी ऐकलेलं नाही. तिथे "दोन नंबरचा", "कॅश किती, चेक किती", "व्हाइट किती" अशी भाषा असते. फ्लॅट बघायला जाल तेव्हा एजंटच्या तोंडी हेच ऐकाल. काळा पैसा हा नेहमी दुसऱ्याचा असतो.

माणसांच्या कपड्यांवरून पडलेली नावंही लक्षात ठेवा. कोर्ट नाक्यावर कुणी म्हणालं "इथे चारी बाजूंना काळे कोट" तर ते वकील. ठाणे स्टेशनच्या ब्रिजवर कॉलेजची पोरं एकमेकांना "काळा कोट उभाय" म्हणून डोळ्याने खुणावतात तेव्हा तो टीसी. वकील भेटला तर फी जाते, टीसी भेटला तर दंड, एवढाच फरक. काळ्या काचा म्हटलं की गाडीच्या, २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने फिल्म लावायला मनाई केल्यापासून पोलिसांच्या कारवाईच्या बातमीत हा शब्द दर काही दिवसांनी येतो. आणि काळी-पिवळी म्हणजे मुंबई-ठाण्यात टॅक्सी, तर मराठवाड्यात-विदर्भात तालुक्याच्या गावाहून खेड्यात जाणारी, माणसं कोंबून भरलेली जीप. जालन्याचा माणूस "काळी-पिवळीने आलो" म्हणाला तर तो टॅक्सीने आलेला नसतो, बहुतेक दाराला लोंबकळत आलेला असतो.

काळा अशुभ का, हे सगळे विचारतात. निषेधाला काळं आहे हे खरं, काळे झेंडे दाखवतात, नर्स आणि शिक्षक काळ्या फिती लावून काम करतात, बेळगावकडे सीमाभागातले मराठी लोक १९५६ पासून १ नोव्हेंबर काळा दिवस म्हणून पाळतात. लग्नाला किंवा पूजेला काळं घालून गेलात तर कुणी हाकलणार नाही पण एखादी आजी नाक मुरडेल. पण त्याच आजीच्या गळ्यातल्या मंगळसूत्रात काळे मणी आहेत, तिनेच नातवाच्या गालावर काळी तीट लावलीय, त्याच्या कमरेला काळा दोरा बांधलाय, आणि संक्रांतीला ती स्वतः काळी साडी नेसते. तीळ-गूळ, हलव्याचे दागिने, नव्या सुनेला काळी साडी, सगळं हौसेने. कारण विचारलं तर लोक सांगतात थंडीत काळा रंग ऊब धरतो, काळं कापड उष्णता जास्त शोषतं हे खरंच आहे, बाकी रिवाज कुठून आला ते बाजूला ठेवा. तर काळा नजर लावणारा नाही, नजर काढणारा जास्त आहे. निदान आमच्या घरांतून.

माणसाच्या रंगाबद्दल मात्र जपून. मराठीत यासाठी एक अख्खी शिडी आहे, गोरा, निमगोरा, गव्हाळ, सावळा, काळा, आणि लग्नाच्या स्थळांत अजूनही लोक ती शिडी चढत-उतरत असतात, मला त्याचा कंटाळा आहे. शेवटच्या पायरीला कुणी उतरत नाही, काळा म्हणायचं टाळून सावळा म्हणतात. विठोबाला मात्र वारकरी काळाही म्हणतात आणि सावळाही, आणि त्यात लाडच असतो. जुने मित्र एकमेकांना "अरे काळ्या" म्हणून हाक मारतात, ते त्यांचं त्यांच्यात. तुम्ही म्हणू नका, ऑफिसात तर नाहीच. कुणी ओळख पटवायला वर्णन विचारलं तर उंची, चष्मा, शर्ट सांगा.

आता एक गोष्ट जी पुस्तकात सहसा एका ओळीत उरकतात आणि मला सगळ्यात आवडते. हिंदीत तुम्ही बहुत काला म्हणता. मराठीत 'खूप काळा' चालतं पण ते पाहुण्यासारखं वाटतं, आपल्याकडे काळ्याला शेपूट लावतात आणि शेपूट बघून कळतं की बोलणाऱ्याला आवडलंय की नाही. केस काळेभोर, डोळे काळेभोर, हे कौतुक. विहिरीचं पाणी काळंशार, म्हणजे खोल आणि शांत. म्हैस नाहीतर घोडा काळाकुळकुळीत, तिथे चकाकी पाहिजे, तेल लावल्यासारखी. अंधार काळाकुट्ट, ढगसुद्धा काळेकुट्ट, पण माणसाला काळाकुट्ट म्हटलं की तो अपमान झाला. काळोख मिट्ट असतो, काळामिट्ट. डोंगराचा कडा काळाकभिन्न, त्यात दरारा आहे. आणि तव्यावर विसरलेली भाकरी काळीठिक्कर, तोंडावर वाईट बातमी आदळली की चेहराही काळाठिक्कर पडतो. बांगडी अडकून मनगटावर वळ उठला तर तो काळानिळा. यांची अदलाबदल करून बघा, 'काळीभोर भाकरी' म्हटलात तर वर्गात सगळे हसतात, कारण जळलेल्या भाकरीवर कुणी प्रेम करत नाही. सौम्य करायचं असेल तर काळसर, आणि काळपट म्हटलं की त्यात थोडी नाराजी आली, चांदी काळपट पडली, कपडा काळपट निघाला.

म्हणी दोनच सांगते. "कोळसा उगाळावा तितका काळाच", वाईट प्रकरण जितकं चिवडाल तितकं वाईटच निघणार, सोसायटीच्या मीटिंगमध्ये जुन्या कमिटीचे हिशेब निघाले की हमखास ऐकाल. आणि "काळं कुत्रं विचारत नाही", म्हणजे कुणी ढुंकून बघत नाही. बाकी काळ्याचे पांढरे होणं म्हणजे केस पिकणं, आयुष्य जाणं, "या लायनीत माझे काळ्याचे पांढरे झाले" असं तुमचा मॅनेजर म्हणेल, तेव्हा उलट प्रश्न विचारू नका, त्याला पुढे अर्धा तास बोलायचं असतं.

तुम्ही प्रश्नाच्या खाली स्वतःची चार वाक्यं तपासायला दिली होती ती बघितली. "काल काळा चहा पिला" याच्याऐवजी "काल कोरा चहा प्यायलो", पिला बोलण्यात ऐकाल पण लिहू नका. "स्वच्छता ही काळ्याची गरज आहे" इथे काळाची पाहिजे, वर सांगितलंय. "माझ्याकडे दोन काळी पिशव्या आहेत" यात पिशवी स्त्रीलिंगी, अनेकवचनात काळ्या पिशव्या, 'काळी' हे अनेकवचन फक्त नपुंसकलिंगाला, जसं काळी मांजरं, काळी वांगी. चौथं वाक्य, "आकाशात काळेकुट्ट ढग जमले आणि ऐरोलीहून ट्रेन बंद झाली", त्याला हात लावायची गरज नाही.